फुलचूरच्या शिवारावरून सरकलेले नकाशे

गोंदिया शहराची वस्ती नेमकी कोठे संपते आणि फुलचूर कोठे सुरू होते, हे आज त्या रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला सांगता यावयाचे नाही. दुकानांची ओळ तुटत नाही, आणि जेथे कालपरवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या तेथे भूखंडांचे खुंट रोवलेले दिसतात. तथापि गावकऱ्याच्या मनातली शीव इतक्या सहजासहजी पुसली जात नाही, आणि तो बाजाराला निघाला म्हणजे अजूनही ‘गोंदियाला जाऊन येतो’ असेच म्हणतो, जणू मध्ये एखादा मुलूख ओलांडावयाचा आहे. गाव जागचे हलले नाही. हलत राहिले ते त्याच्यावरचे राज्य. नागपूरकर भोसल्यांचे संस्थान खालसा होऊन १८५४ साली हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला, १८६१ मध्ये तो मध्य प्रांतात गणला गेला, १९०३ मध्ये त्या प्रांताच्या कारभाराला वऱ्हाड जोडले गेले, १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निघाला. ‘आपला प्रांत’ किंवा ‘आपला जिल्हा’ हा धडा ज्या मास्तरांनी या टापूत शिकविला, त्यांच्या तीन-चार पिढ्यांना भिंतीवरचा नकाशा किती वेळा उतरवून गुंडाळून ठेवावा लागला असेल, याची कल्पना या सनावळीवरूनच यावी.

आणि गंमत अशी की, नकाशा उतरविणारे हे मास्तर पुष्कळदा इंग्रजीचेही मास्तर असत. गणित व शास्त्र यांना वेगळा माणूस लागतो ही गोष्ट लहान शाळांच्या चालकांनाही मान्य असे. परंतु इंग्रजी, इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे सारे विषय एका ‘बी. ए., बी. टी.’ माणसाच्या पदरात टाकण्याचा शिरस्ता मध्य प्रांतातील हायस्कुलांपासून आजच्या अनुदानित विद्यालयांपर्यंत अखंड चालत आला आहे. या जोडीकडे आपण सहसा काटकसरीची तडजोड म्हणून पाहतो. मला मात्र वाटते की, या भागातील शिक्षणाचा खरा इतिहास या दोन विषयांच्या जोडीतच दडलेला आहे. कारण एक विषय मुलाला गावाबाहेर नेणारा, दुसरा त्याला गावाची ओळख करून देणारा, आणि दोन्ही एकाच फळ्यावर, एकाच खडूने, बहुधा लागोपाठच्या तासांना शिकविले जाणारे.

या जोडीचा या मुलखातील आद्य पुरुष शोधू लागले असता दृष्टी नागपूरकडे वळते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ साली नागपुरास आला आणि पुढच्याच वर्षी त्याने तेथे इंग्रजी शाळा काढली. आजचे हिस्लॉप महाविद्यालय याच शाळेच्या वंशातले असून १८८३ साली त्याला महाविद्यालयाचे रूप आले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता, आणि तो लपवून त्याची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. पण हा इंग्रजी शिकविणारा मास्तर शाळा सुटली म्हणजे स्वस्थ बसत नसे. नागपूरच्या आसपासचे खडक फोडून त्यातील जीवाश्म गोळा करणे, गोंडांच्या वस्त्यांत जाऊन त्यांची गाणी, चालीरीती, कुळे आणि शब्द टिपून घेणे, माळावरच्या प्रागैतिहासिक शिलावर्तुळांखाली काय आहे हे खणून पाहणे, असा त्याचा दुसरा अभ्यासक्रम चालू असे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची अशीच शिलावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडून मरण पावला. त्याची टिपणे पुढे १८६६ साली प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून छापली, आणि गोंडांच्या लिंगो या आदिपुरुषाची दीर्घ गाथा त्या पुस्तकाने प्रथमच छापील कागदावर आणली.

फुलचूरच्या वाचकाला यात परके असे काही नाही. सालेकसा तालुक्यातील कचारगड, जेथे गोंड समाज आपल्या पूर्वजांचे स्थान म्हणून दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास लोटतो, ते लिंगोच्याच कथेशी बांधलेले आहे, आणि ते येथून फार दूर नाही. म्हणजे ज्याला आज शाळेत सामाजिक शास्त्र म्हणतात, त्यातले या मुलखाविषयीचे एक आरंभीचे छापील प्रकरण एका इंग्रजीच्या मास्तराने लिहिले, आणि तेही कोणा परीक्षकाने मागितले नसताना. त्याच्या नंतर आलेल्या मास्तरांना परीक्षक मिळाले, आणि तो फरक लहान नव्हता.

मध्य प्रांताची शिक्षणव्यवस्था १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याला अनुसरून बांधली गेली. चार इयत्तांची प्राथमिक शाळा, तिच्यावर चार इयत्तांची मिडल, आणि त्यावर हायस्कूल. मिडलचेही दोन प्रकार, नुसते देशी भाषेचे आणि इंग्रजीसह चालणारे, ज्याला सरकारी दप्तरात ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘ए. व्ही. स्कूल’ म्हणत. देशी भाषेच्या मिडलमधून उत्तीर्ण झालेला मुलगा पटवारी किंवा प्राथमिक शाळेचा गुरुजी होऊ शके, ए. व्ही. मधून बाहेर पडलेल्याला मालधक्क्यावरचा कारकून, तारमास्तर, तहसिलीतील मोहरीर अशी वाट दिसे. मॅट्रिकची प्रश्नपत्रिका आरंभी कलकत्ता विद्यापीठाची आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, आणि त्याच सुमारास प्रांताचे स्वतःचे हायस्कूल शिक्षण मंडळ अस्तित्वात आले, तेव्हा कोठे भंडारा जिल्ह्यातील मुलाचे भवितव्य ठरविणारा कागद प्रांतातच छापला जाऊ लागला. याच दशकात प्रांताने एक धाडसाचे पाऊल उचलले: हायस्कुलातही इंग्रजीखेरीज इतर विषय देशी भाषेतून शिकविण्याचे ठरले. इतिहास व भूगोल इंग्रजीच्या कुबड्या टाकून चालू लागले, आणि त्या दिवसापासून आपल्या जोड-मास्तराला एका तासाला इंग्रजी बोलावयाचे आणि पुढच्या तासाला मराठी किंवा हिंदी, अशी दुहेरी कसरत करावी लागली.

गोंदियाची गोष्ट मात्र मिशन वा सरकार यांपेक्षा आगगाडीने अधिक घडविली. एकेकाळी तिरोडा तहसिलीतले हे एक साधे ठाणे, कामठ्याच्या जमीनदारीची छाया असलेल्या मुलखातले. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग येथून गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी सातपुड्याची ‘छोटी लाईन’ येथे येऊन मिळाली, तेव्हा हावडा-मुंबईच्या वाटेवरचे एक मोठे जंक्शन तयार झाले. या छोट्या लाईनीला शिक्षकांच्या इतिहासात एक स्थान आहे, ज्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. हायस्कुलाच्या मास्तरांना ‘एल. टी.’ ही पदविका देणारे प्रांताचे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज जबलपुरात होते. तेव्हा भंडारा जिल्ह्यातील ज्या पदवीधराला हायस्कुलात कायम व्हावयाचे असे, त्याने ट्रंक आणि वळकटी घेऊन गोंदियाच्या फलाटावर गाडी बदलावी, आणि त्या हळू चालणाऱ्या डब्यात बसून साल-सागाच्या जंगलांतून जबलपूर गाठावे, हा ठरलेला प्रवास होता. तेथे वर्षभर हिंदी मुलखात राहून, पाठ-टिपण कसे लिहावे, फळ्याचे चार भाग कसे पाडावे, प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारून मग नाव कसे घ्यावे, हे शिकून तो परत येई. ज्या भूगोलाच्या तासासाठी तो तयार होत होता, त्याचा निम्मा भाग त्याने खिडकीतूनच पाहिलेला असे.

वर्गात शिकविण्याची रीत कोणती होती, हे पुस्तकांवरून समजते. मराठी मुलांसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, व्याकरणासाठी नेसफील्ड, आणि १९३५ नंतर रेन आणि मार्टिन. यांपैकी नेसफील्ड हा वायव्य प्रांतातील शिक्षणखात्याचा मोठा अधिकारी होता, आणि रेन म्हणजे तोच पी. सी. रेन, ज्याने फ्रेंच फॉरेन लीजनच्या साहसावर ‘बो जेस्ट’ ही अतोनात खपलेली कादंबरी लिहिली. वाळवंटातील त्या थरारक कथेचा जनक आणि कर्मणि प्रयोगाचे तीनशे प्रश्न घालणारा पंतोजी एकच, यावर विश्वास ठेवणे कोणाही विद्यार्थ्याला जड जाईल. भाषांतराच्या या पद्धतीची आज फार निंदा होते. मी स्वतः त्या निंदेत मनापासून सामील होऊ शकत नाही. या टापूतल्या मुलाच्या घरी पोवारी, लोधी, गोंडी, छत्तीसगढी वा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत ग्रांथिक मराठी, आणि मालधन्याच्या पेढीवर कित्येकदा गुजराती. अशा मुलाला एका भाषेतले वाक्य उचलून दुसरीत ठेवणे हे काही नवे कौशल्य शिकवावे लागत नसे. ते तो दिवसभर करीतच असे. भाषांतरमालेने त्याच्या या सवयीला चौथी वा पाचवी भाषा जोडली, एवढेच. दोष होता तो दुसरीकडे. वाक्ये बागेतल्या माळ्याची आणि राजाच्या मुलीची असत. रोवण्याची, बोडीची, तेंदूपानाच्या पुड्यांची कधीच नसत. मुलाच्या तोंडी इंग्रजी आले, पण त्याच्या गावाला त्या इंग्रजीत शब्द मिळाला नाही.

आणि मग १९३७ साल उजाडले. याच प्रांतात, वर्ध्याला, ऑक्टोबर महिन्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीचा अभ्यासक्रम निघाला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. त्याची इयत्ता मॅट्रिकच्या तोलाची, मात्र त्यातून इंग्रजी वजा. ही वजाबाकी सर्वांच्या स्मरणात राहिली. पण त्याच अभ्यासक्रमात जी बेरीज होती तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही: इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची वेगवेगळी दालने मोडून त्यांचा ‘सामाजिक अभ्यास’ असा एकच विषय तेथे केलेला होता, आणि त्याचा आरंभ मुलाच्या स्वतःच्या घरापासून, गावापासून, गावच्या धंद्यांपासून करावयाचा होता. अमेरिकेत या नावाचा विषय १९१६ च्या एका समितीच्या अहवालाने रूढ केला होता; भारतातील माध्यमिक शाळांसाठी त्याची शिफारस मुदलियार आयोगाने १९५३ साली केली. म्हणजे मुदलियारांच्या पंधरा वर्षे अगोदर, फुलचूर ज्या प्रांतात होते त्याच प्रांतात, हा विषय कागदावर पूर्ण मांडला गेला होता. जो अभ्यासक्रम इंग्रजीला दार दाखवितो तोच गावाला दारातून आत घेतो, हा योगायोग नव्हता.

प्रांताच्या मंत्रिमंडळातील पंडित रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास ‘विद्यामंदिर’ योजना आणली: गावात कोणी जमीन दान करावी, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि गुरुजी चालावा. कल्पना मोठी सुंदर होती, आणि मालगुजारांच्या मुलखात ती चालेल असे वाटणे साहजिक होते. परंतु नावावरून मुस्लिम लीगने वाद उभा केला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, युद्ध आले, आणि योजना फोफावण्यापूर्वीच कोमेजली. पालकांनीही तिला मनापासून आपले म्हटले असे दिसत नाही. ज्याच्या डोळ्यांसमोरून रोज गाड्या जातात, त्या बापाला आपल्या मुलाच्या शिक्षणातून इंग्रजी वजा झालेले कसे रुचावे? सूत तर घरीही कातता येते, हा त्याचा युक्तिवाद अडाणीपणाचा खास नव्हता.

स्वातंत्र्यानंतर प्रांताचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या कल्पनेतून १९४८ साली तहसीलवार जनपद सभा निर्माण झाल्या आणि खेड्यांतील शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि एक विचित्र पेच उभा राहिला. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपर्यंत मागे सारले होते. इकडे पाचवीपासून इंग्रजीची मुळाक्षरे गिरविण्याची जुनी ए. व्ही. परंपरा. काही वर्षे परीक्षा विदर्भ माध्यमिक शिक्षण मंडळाची राहिली, १९६२ मध्ये जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली, १९६६ मध्ये विदर्भ मंडळ जाऊन महाराष्ट्र राज्य मंडळ आले. एवढ्यात मास्तर तोच होता. त्याने मध्यप्रदेशाचा नकाशा उतरवून मुंबई राज्याचा लावला, आणि त्याचा गोंद वाळतो न वाळतो तोच महाराष्ट्राचा.

या काळातली एक गोष्ट मात्र दप्तरातल्या बदलांहून मोठी आहे. गोंदियाचे विडी-उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली, आणि हायस्कुले खेड्यापाड्यांत नेली. पुष्कळ शाळांची दारे एकाच दिवशी उघडली गेली, असे जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितले जाते. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच होते. तोपर्यंत ज्या मुलाला मॅट्रिक व्हावयाचे त्याने भंडारा, नागपूर किंवा गोंदिया येथे नातलगाच्या ओसरीवर राहून शिकावे, हा नियम होता. आता इंग्रजीचा मास्तर एस. टी. तून किंवा सायकलवरून गावात येऊ लागला. विडी वळणाऱ्या घरातला मुलगा दोन पैलू असलेले शिक्षण घेऊ लागला: सकाळी आईजवळ पाने कातरणे, दुपारी वर्गात अनियमित क्रियापदांची तीन रूपे.

पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली आणि खाजगी प्रकाशकांची मंजूर पुस्तके हळूहळू जाऊन साऱ्या राज्याला एक पुस्तक मिळाले. पुस्तक स्वस्त झाले, शुद्ध झाले, आणि सर्वांना सारखे झाले. हे तिन्ही गुण निर्विवाद आहेत. पण इतिहासाचा सूर्य आता सह्याद्रीवर उगवू लागला. चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचे चरित्र ज्या भक्तीने सातारा-पुण्याची मुले वाचीत त्याच भक्तीने फुलचूरची मुलेही वाचीत, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर एवढेच की, देवगडचे गोंड राजे, नागपूरचे भोसले, आमगावजवळच्या पद्मपूरशी ज्याचे नाव जोडले जाते तो भवभूती, यांना ती भक्ती सोडाच, पुरेशी ओळखही मिळाली नाही. गोंदियाच्या मुलाला राजगडच्या माच्या तोंडपाठ, आणि शेजारच्या नागऱ्याचे जुने शिवमंदिर मात्र केवळ जत्रेपुरते.

येथे मला एका शब्दाविषयी थांबून लिहिले पाहिजे. या जिल्ह्यातील कोणत्याही मुलाला ‘मामा तलाव’ ठाऊक असतो. लहानपणी त्याला वाटते, हा कोणा मामाचा तलाव असावा. आणि मोठेपणीही पुष्कळांची ती समजूत तशीच राहते. वस्तुतः ‘मा. मा.’ ही सरकारी कागदावरची आद्याक्षरे आहेत: माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या कसबाने आणि मालगुजारांच्या आश्रयाने पूर्व विदर्भात काही हजार तलाव बांधले गेले. पाण्याचा उतार डोळ्याने ओळखून मातीची पाळ घालावयाची, आणि खालच्या बांध्यांना पाळीने पाणी द्यावयाचे. मालगुजार हा सारा गोळा करणारा, गावाचा मालक म्हणून इंग्रजी जमाबंदीने मान्य केलेला. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द झाले, ३१ मार्च १९५१ रोजी तलाव सरकारजमा झाले, आणि ‘मालगुजारी तलावा’च्या मागे ‘माजी’ हा शब्द लागला. एका लाडक्या नातेवाचक शब्दात भोसलेशाही, इंग्रजी बंदोबस्त, जमीनसुधारणा, पाटबंधारे आणि जातींचे कौशल्य असा सगळा सामाजिक अभ्यास भरून राहिला आहे. मास्तराला नागरिकशास्त्र हवे तर पाणी कोण सोडतो आणि दुरुस्ती कोण करतो हे विचारावे, भूगोल हवा तर उतार पाहावा, आणि इंग्रजी हवे तर आद्याक्षरांचा नियम सांगावा. वर्धा अभ्यासक्रमाला जे हवे होते ते शाळेच्या मागे पाणी भरून उभे आहे, आणि वर्गात मुले टेनेसी खोऱ्याच्या प्रकल्पाची वैशिष्ट्ये पाठ करीत बसली आहेत, असे दृश्य या जिल्ह्यात वर्षानुवर्षे दिसत आले.

मास्तरांना हे कळत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटून रोवणा लागला की हजेरीपटावर ‘गै’ची रांग लागे, शिकविणारा माणूस त्या रांगेकडे पाहून गावची शेती कोठवर आली हे सांगू शके. अशा दिवसांत उरलेल्या दहा-बारा मुलांना घेऊन धुऱ्यावर उभे राहावे, असे ज्याच्या मनात आले नाही तो मास्तरच नव्हे. पण अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असे, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला घटक-नियोजन दाखवावयाचे असे, आणि मार्चमधल्या कागदावर धुऱ्याविषयी प्रश्न येत नसे. पुढे अपेक्षित प्रश्नसंच आले आणि धड्याच्या जागी त्याखालचे प्रश्नच शिकविले जाऊ लागले.

२००० सालापासून प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले; म्हणजे ए. व्ही. शाळेची पाचवी आणि खेर सरकारची आठवी हे दोन्ही वाद एका फटकाऱ्याने निकालात निघाले. त्याच वर्षी नव्याने लागणाऱ्या गुरुजींना ‘शिक्षणसेवक’ हे नाव आणि तीन वर्षे मानधन मिळू लागले. अलीकडे नववी-दहावीच्या पुस्तकावर नागरिकशास्त्राच्या जागी राज्यशास्त्र आले. शिकविणारा अजूनही बहुधा एकच, आता बी. टी. ऐवजी बी. एड. झालेला.

जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकविणाऱ्या गुरुजींपुढे भंडाऱ्याचे पुस्तक होते. ज्या नकाशाच्या एका कोपऱ्यात गोंदिया दाखविलेले होते, त्याच्या मधोमध आता खडूची एक रेघ ओढावयाची होती. रेघेच्या एका बाजूला तुमसर-साकोली, दुसऱ्या बाजूला तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी. फुलचूरला त्या नकाशावर ठिपका नव्हताच. तो गुरुजींना आपल्या हाताने काढून, मुलांना जवळ बोलावून, बोटाने दाखवावा लागे.